मटेरियलचे पैसे दिले, टाइमचं काय?

‘गाडी मी रिस्टोअर केली.’ हे वाक्य आपल्या पिढीत सध्या फार जोरात आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये, राइडला निघताना चहाच्या टपरीवर, रीलच्या कॅप्शनमध्ये, सगळीकडे. ते रीलही आता पाठ झालंय. आधी धूळ खात पडलेली गाडी, मग नव्वद सेकंदांत सुटे झालेले पार्ट, ग्राइंडरच्या ठिणग्या, रंगाचा फवारा आणि शेवटी घाटातल्या वळणावर सूर्यास्त. मधे दोन हात दिसतात, ग्रीसने काळे झालेले, नखं तुटलेली. त्या हातांना चेहरा नसतो. चेहरा शेवटच्या दहा सेकंदांत येतो, हेल्मेट काढून केस झटकणारा, आणि तो त्या हातांचा नसतो.

मला या वाक्यातल्या क्रियापदाशी भांडायचंय. मराठीत ‘करणं’ आणि ‘करून घेणं’ यांत फरक आहे आणि तो आपल्याला चांगला कळतो. आता यावर कुणी म्हणेल की ‘आजोबांनी घर बांधलं’ असंही आपण म्हणतोच की, आजोबांनी काही विटा वाहिल्या नव्हत्या. बरोबर. पण आजोबा स्वतःला गवंडी म्हणवत नव्हते. रिस्टोरेशनवाल्याला मात्र गाडीसोबत कारागिरीही नावावर हवी असते. पैसे देऊन वस्तू आपली झाली, इथवर ठीक आहे. हुनरही आपलं झालं असं वाटायला लागतं, तिथं माझी हरकत सुरू होते.

हे मी लांबून बोलत नाहीये. माझ्याकडे २००८ ची करिझ्मा आहे. ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिरो होंडानं २००३ मध्ये ती आणली, तेव्हा आपला बाजार मुख्यतः शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांचा होता. २२३ सीसीचं इंजिन, पंधरा लिटरची टाकी, पुढं हाफ फेअरिंग, जाहिरातीत हृतिक रोशन. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत चारशे किलोमीटर कापायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं, हे ज्या गाड्यांनी मध्यमवर्गीय पोरांना शिकवलं त्यात ती पहिल्या रांगेत आहे. लडाखला जायला बुलेटच लागते, हा समज मोडण्यात तिचा वाटा मोठा. डिसेंबर २०१० मध्ये हिरो आणि होंडा वेगळं होण्याचं ठरलं. गाडी पुढं काही वर्षं रेटली गेली आणि मग थांबली. २०२३ मध्ये तेच नाव एका पूर्णपणे वेगळ्या, लिक्विड कूल्ड २१० सीसी गाडीला दिलं गेलं. म्हणजे जुनी करिझ्मा घेणाऱ्यानं शोरूमच्या भरवशावर राहू नये. पार्ट मिळाले तर पुण्यात नाना पेठेत, नाहीतर दिल्लीत करोलबागेत, नाहीतर भंगारातल्या दुसऱ्या करिझ्मातून.

आणि मेकॅनिकच्या डोक्यातून. कुठल्या गाडीचा कुठला पार्ट इथं बसतो, हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतं.

गाडी घेण्यापासून सुरुवात करू, कारण फुकटेगिरी तिथूनच सुरू होते. मोशीला एक गाडी बघायला जायचं होतं. भोसरीत ज्यांच्याकडे आम्ही चार-पाच जण गाड्या दाखवतो त्या वस्तादांना मी सोबत नेलं. पंचावन्नच्या आसपास वय, चाळिशीचा चष्मा दोऱ्यानं गळ्यात. विकणारा चावी फिरवायला पुढं झाला तर वस्तादांनी त्याला थांबवलं आणि आधी इंजिनवर तळहात ठेवला. इंजिन कोमट होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधी गाडी तापवून ठेवली होती, थंड इंजिन सुरू होताना कुरकुर करतं ते आम्हाला कळू नये म्हणून. मग डबल स्टँडवर घेऊन मागचा भार दाबला, पुढचं चाक उचललं आणि हँडल हळू डावीकडून उजवीकडं नेलं. मधोमध एक बारीक अडखळ लागली. कोनसेट गेलेला. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवरून नख फिरवलं, गंजाचे टोचे आहेत का बघायला. चार पावलं मागं जाऊन उकिडवं बसून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं, कारण मोठा अपघात झालेली गाडी रंगानं लपते, रेषेनं लपत नाही. मग सुरू करून सायलेन्सरमागं रुमाल धरला. रेस केल्यावर निळसर धूर. रिंगा.

वीस मिनिटं लागली. पंचेचाळीस हजार सांगितलेली गाडी छत्तीसला मिळाली. मी वस्तादांना पैसे विचारले तर म्हणाले, “बघायचे कसले पैसे घ्यायचे, भाऊ?” आणि मिसळ खाऊन आम्ही परत आलो.

या ‘बघायचे कसले पैसे’मध्ये सगळं आहे. वीस मिनिटांत नऊ हजार वाचवणारं ज्ञान, आणि ते विकायची वस्तू आहे असं ज्याच्याकडे ते आहे त्यालाही वाटत नाही. हेच ‘बघणं’ जुन्या गाड्यांच्या कंपन्या ‘इन्स्पेक्शन रिपोर्ट’ म्हणून छापतात, अमुक पॉइंटचा चेक म्हणून मिरवतात आणि किमतीत वसूल करतात. डॉक्टर तपासायचे पाचशे घेतो आणि औषधाचं दुकान वेगळं असतं, याची आपल्याला सवय आहे. एसीवाला घरी येऊन नुसता पाहून गेला तरी ॲपमधून व्हिजिटचे पैसे कापले जातात, आपण तक्रार करत नाही. मेकॅनिकनं नुसतं पाहण्याचे पैसे मागितले की मात्र आपल्याला तो लुटारू वाटतो.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण त्यात हयगय करणारे बरेच भेटतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी तशीच वर्षभर फिरवू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की परिवहन खात्याच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. अपघात तुम्ही केलात तरी भरपाई आधीच्या माणसाच्या गळ्यात पडू शकते. आरसीचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, जुनं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा, गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांत विमा बदलायला अर्ज द्या. आणि पंधरा वर्षं झालेली गाडी असेल तर आरसीचं नूतनीकरण झालंय का ते बघा. ते पाच वर्षांचंच होतं, त्याआधी तपासणी असते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो.

आता बिल. माझ्या गाडीचं काम सहा आठवडे चाललं. रिंगांचं निदान खरं निघालं. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवला, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, कोनसेट, शॉकअपचे सील, कार्बुरेटरमधला फाटलेला डायफ्राम, वायरिंगचा अर्धा जुडगा. पार्ट आणि बोअरिंग मिळून २९,४०० रुपये. रंग आणि स्टिकर ११,०००. मजुरी ८,०००. हे वस्तादांनी पाकिटाच्या मागं लिहून दिलं आणि वाचून दाखवलं. पार्टांचे आकडे त्यांनी खणखणीत वाचले. मजुरीच्या आकड्याला आवाज जरा खाली गेला, जणू तो मागणं म्हणजे थोडा आगाऊपणाच.

शनिवार-रविवार मी तिथंच स्टुलावर बसलेला असायचो आणि बाकीच्या दिवसांचं विचारून घ्यायचो, म्हणून तास माहीत होते. साठच्या वर. हेल्परचे वेगळे. म्हणजे ताशी सव्वाशे-दीडशे रुपये, त्यात गाळ्याचं भाडं, वीज, कॉम्प्रेसर आणि पान्यांची झीज धरून. रंगाचे अकरा हजार देताना माझ्या ओळखीचा एकही माणूस घासाघीस करत नाही. रंग फोटोत दिसतो. पार्टांवर छापील किंमत असते, तिथं बोलायची सोय नाही. राहते मजुरी. सबंध बिलात सगळ्यात लहान आकडा तोच आणि ‘वस्ताद, राउंड फिगर करा की’ हे फक्त त्याच आकड्यापुढं म्हटलं जातं. मी तासांप्रमाणे वेगळा हिशेब करून दिले. त्यात औदार्य नव्हतं. माझी कंपनी परदेशी ग्राहकाला माझ्या तासाचे जे लावते ते ऐकलं असतं तर वस्तादांनी पाना माझ्या डोक्यात घातला असता.

आमच्या धंद्यात कराराचा एक प्रकार असतो, ‘टाइम अँड मटेरियल’. काम किती लागेल हे आधी सांगता येत नसेल तेव्हा ग्राहक तासांचे पैसे देतो. त्यात मीटिंगचे तास असतात, विचार करायचे असतात, दोन दिवस चुकीच्या दिशेनं बग शोधत बसल्याचेही असतात, आणि खरं सांगायचं तर चहाचेही असतात. कुणी विचारत नाही की शेवटी एकच ओळ बदललीस, मग तीन दिवसांचे पैसे कसले? ती ओळ कुठली हे शोधण्याचेच पैसे आहेत, हे सगळ्यांना मान्य असतं. मेकॅनिकच्या करारात मटेरियल आहे. टाइम नाही.

याचं मला पटलेलं उदाहरण सांगतो, जरा तपशिलात सांगतो. गाडी रंगून, चकचकीत होऊन आली आणि हायवेवर बंद पडायला लागली. शहरात काही नाही. हायवेला वीस-पंचवीस किलोमीटर झाले की आधी हुचके, मग मेली. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. वस्ताद तेव्हा गावी गेले होते, म्हणून गाडी आधी दुसऱ्या दोन ठिकाणी फिरली. एका चकाचक वर्कशॉपनं प्लग आणि सीडीआय बदलला. दुसऱ्यानं इग्निशन कॉइल. लॉजिक चुकीचं नव्हतं. तापल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू, म्हणजे गरम होऊन कॉइल दगा देतेय, असं पुस्तकही सांगेल. तीन पार्ट बदलले, तिन्हींचे पैसे गेले, गाडी तशीच.

वस्ताद आले. गाडीला हात न लावता त्यांनी एकच प्रश्न विचारला. “टाकी फुल असली की लवकर बंद पडते का अर्धी असली की?”

मी आठवलं. फुल असताना लवकर. मंचरला गेलो होतो तेव्हा पेट्रोल कमी होतं, तर खेडपर्यंत गेली होती.

“मग कॉइलला काय कळतंय टाकीत किती पेट्रोल आहे ते?”

हे वाक्य ऐकून मी अक्षरशः गप्प झालो. गेल्या सहा वर्षांत सीनियर आर्किटेक्ट म्हणवणाऱ्या कितीतरी लोकांसोबत बसलोय, पण एक अख्खी शक्यता इतक्या स्वच्छपणे एका वाक्यात कापताना फार थोड्यांना पाहिलंय. त्यांनी सांगितलं, टाकी फुल करून नाशिक रोडला निघा, बंद पडली की काही करू नका, नुसतं टाकीचं झाकण उघडा. चाकणच्या जरा पुढं गाडी मेली. (नव्या बाईक जिथं बनतात त्याच चाकणमध्ये जुनी ढकलत बाजूला घेण्यात एक वेगळीच लाज असते.) झाकण उघडलं. फुस्स आवाज करून हवा आत गेली. बटण दाबलं, पहिल्या झटक्यात सुरू.

टाकीतून पेट्रोल खाली जातं तशी त्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी होते आणि ती पेट्रोल धरून ठेवते. टाकी भरलेली असेल तर आत हवा आधीच थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. दहा मिनिटं थांबलं की कुठून तरी झिरपून हवा आत येते, म्हणून गाडी पुन्हा सुरू. शहरात ती पोकळी होण्याइतकं सलग पेट्रोल जातच नाही. सगळी लक्षणं एका भोकात बसली. आणि ते भोक कशानं बुजलं होतं? रंगकाम झाल्यावर बफिंगचं पॉलिश लावतात, त्याचा साका वाळून. अकरा हजारांच्या कामातलं शेवटचं झळाळतं पाऊल.

दुरुस्ती काय होती? सुई आणि हवेचा एक फवारा. पार्टची किंमत शून्य. आता सांगा, याचं बिल किती?

आपल्याकडच्या रीतीप्रमाणे उत्तर शून्य आहे, फार तर चहा. ज्या दोघांना कळलं नाही त्यांना मिळून जवळपास तीन हजार मिळाले, कारण त्यांनी पार्ट बदलले. ज्याला कळलं त्याला काही मिळायचं कारण नाही, कारण त्यानं काहीच बदललं नाही. ही व्यवस्था कुणाला बक्षीस देतेय ते बघा. ‘मेकॅनिक फसवतात’ अशी बोंब मारणाऱ्या प्रत्येकानं आधी हे गणित सोडवावं.

फसवतात, हे मी नाकारत नाही. चांगला पार्ट काढून ठेवणारे, न बदललेल्या पार्टाचे पैसे लावणारे, डुप्लिकेट बसवून ओरिजिनलची किंमत घेणारे मीही पाहिलेत. दुकानदाराकडून कमिशन तर जवळपास सगळेच घेतात. पण ज्या माणसाच्या वेळेला भाव नाही त्याच्यापुढं दोनच वाटा उरतात. एकतर कमी पैशांत प्रामाणिक राहायचं, नाहीतर वेळेचे पैसे पार्टांत लपवायचे. आपण मजुरी कापून त्याला दुसऱ्या वाटेवर ढकलतो आणि तो तिकडं गेला की त्याच्या नीतिमत्तेवर पोस्ट लिहितो. मोठ्या वर्कशॉपातही हेच असतं, फक्त तिथं लपवायची गरज नसते. बिल छापील असतं आणि रिसेप्शनवर कॉफी मिळते.

दुसरा आक्षेप जास्त सोज्वळ असतो. ‘आम्ही खरंच हातानं काम करतो, टूलकिट आहे, व्हिडिओ बघून शिकलो.’ त्यांच्याशी माझं भांडण नाही, कौतुकच आहे. चेन साफ करणं, प्लग बदलणं, फीलर गेज घालून टॅपेट लावणं मीही शिकलोय आणि ते प्रत्येकानं शिकावं. पण शनिवारी दोन तास ग्रीसमध्ये हात घालून सोमवारी ‘हाताचं काम म्हणजे मेडिटेशन’ असं लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ज्याला उन्हाळ्यात पत्र्याखाली रोज दहा तास तेच करायचंय त्याच्यासाठी ते मेडिटेशन नसतं. त्याचे गुडघे जातात, पेट्रोलनं हात धुऊन धुऊन कातडी फाटते.

या मंडळींचं धर्मपुस्तक ठरलेलं असतं, रॉबर्ट पिर्सिगचं १९७४ चं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. मलाही ते आवडतं. पण त्यात सुरुवातीलाच एक गॅरेज येतं. रेडिओ मोठ्यानं लावून काम करणारी पोरं निवेदकाच्या गाडीची वाट लावतात आणि शेवटी दोष निघतो तेल पोचवणाऱ्या भागातल्या एका चिल्लर किमतीच्या पिनेत. पिर्सिगचा निष्कर्ष असा की त्या पोरांना कामाबद्दल आस्था नव्हती, ती नुसती प्रेक्षक होती. असेलही. मात्र त्या पोरांना पिन शोधायचे पैसे मिळत होते की इंजिन उघडायचे, हा प्रश्न तो विचारत नाही. आस्था ही मालकाला परवडते, कारण मालकाची चूल दुसऱ्या नोकरीवर पेटलेली असते. पन्नास वर्षांनंतर आपण ते पुस्तक हातात घेऊन तसंच बोलतोय. मालक चिंतनशील, मेकॅनिक निष्काळजी.

ही सवय आपल्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातच लागते. वर्कशॉप नावाचा विषय असतो. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून मापात आणायचा, त्याला ‘जॉब’ म्हणतात. वर्गातल्या निम्म्या जणांचे जॉब शेवटी वर्कशॉपमधल्या मामांनी घासून दिलेले असतात. सही सरांची, मार्क पोराचे, पदवी विद्यापीठाची. मामा पुढच्या बॅचचे तुकडे घासायला मोकळे. ‘मी केलं’ हे क्रियापद तिथं तयार होतं, रीलमध्ये ते फक्त अपलोड होतं. आणि डोक्यानं करणारा वर, हातानं करणारा खाली, ही उतरंड काही कॉलेजनं शोधलेली नाही. आंबेडकरांनी १९३६ मध्येच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडलं होतं की जात ही नुसती कामांची वाटणी करत नाही, ती कामं करणारी माणसंच एकावर एक रचून ठेवते. गॅरेजमध्ये कोण स्टुलावर बसतं आणि कोण जमिनीवर, कोणाचं आडनाव काय असतं, हे एकदा मोजून बघा. वस्तादांनी चाकणच्या भोकाचा शोध जमिनीवर बसून लावला. ते डोक्याचं काम नव्हतं असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

इथं माझ्या धंद्याचा संबंध आणखी एका बाजूनं येतो आणि तो गोड नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. ते यायलाच हवं होतं, पुण्याची हवा बघता तर नक्कीच. पण त्यासोबत नव्या बाइकमधून कार्बुरेटर जवळपास गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले, एबीएस तर त्याच्या आधीच आला होता. टूरिंगच्या नव्या गाड्यांत थ्रॉटलची केबलही जाऊन तार आलीय. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की तो का लागला हे विचारायला कंपनीचं स्कॅनर लागतं, आणि बाहेरच्या गॅरेजला मिळणारं स्वस्त स्कॅनर निम्म्या गोष्टी वाचूच शकत नाही. वस्तादांचा कान, तळहात, नख, यांतलं काही तिथं चालत नाही. इंजेक्शन त्यांना समजत नाही म्हणून नव्हे. ते दोन महिन्यांत शिकतील. वाचायचं दारच बंद आहे म्हणून. आणि ते कुलूप आमच्यासारख्यांनीच लिहिलेलं आहे, तासांचे पैसे घेऊन.

हे कुलूप कायद्याला दिसत नाही असं नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोचू न देणं, हाच आक्षेप होता. प्रकरण अपिलात गेलं. ते कारचं होतं, दुचाकीबद्दल तसं काही झालं नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्यात मोबाइल आणि शेतीच्या अवजारांसोबत वाहनंही होती. त्याच वर्षाअखेरीस एक पोर्टलही आलं. पोर्टलनं पिवळा दिवा विझत नाही. दुरुस्तीचं मॅन्युअल आणि निदानाची माहिती कुठल्याही नोंदणीकृत गॅरेजला वाजवी दरात देणं बंधनकारक करणारा कायदा लागेल. आज शोरूममधून तीन लाखांची टूरर घेणाऱ्यांनी यासाठी ओरडायला हवं. पंधरा वर्षांनी ती गाडी रिस्टोअर करायची म्हटलं तर तेव्हा पार्ट सापडतील, पैसेही असतील, फक्त ईसीयूशी बोलणारं कुणी नसेल.

आणि मुळात तेव्हा वस्तादांच्या जागी कोण असेल? त्यांच्याकडचा हेल्पर चार वर्षं शिकला. कार्बुरेटर डोळे मिटून खोलायचा, नुसत्या आवाजावरून टॅपेट सैल आहे की टायमिंग चेन हे सांगायला लागला होता. गेल्या दिवाळीनंतर तो डिलिव्हरीला लागला. तिथं खेपेचे पैसे मिळतात, थोडे का होईनात, पण मोजलेले. गंमत अशी की तो ज्या गाडीवर पार्सलं पोचवतो तिची दुरुस्ती आता तो दुसऱ्याकडून करून घेतो, कारण स्वतः करायला वेळ नाही.

मी वस्तादांना सुचवलं की तपासणीची फी लावा. ते हसले, नको म्हणाले, मग महिनाभरानं एका पांढऱ्या पत्र्यावर स्वतःच रंगवून घेतलं. ‘तपासणी फी १५० रु.’ तो पत्रा नऊ दिवस टिकला. पहिल्याच दिवशी एक जण म्हणाला, नुसतं बघायचे पैसे? दुसरा म्हणाला, काम तुमच्याकडेच करणार आहे, मग फी कसली? तिसरा काही न बोलता गाडी पुढच्या गल्लीत घेऊन गेला. त्यातले दोघं आमच्याच आयटी पार्कातले होते, गळ्यात आयडी कार्ड होतं. दहाव्या दिवशी पत्रा उलटा करून टांगला होता. मागच्या बाजूला पंक्चरचे दर लिहिलेत.

माझ्या बिलात मात्र ते आता ‘टाइम’ अशी वेगळी ओळ लिहितात. गेल्या महिन्यात क्लचचं काम निघालं, त्यात चार तास लिहिले होते. मी म्हटलं, वस्ताद, पाच झाले, मी इथंच होतो. ते म्हणाले, “एक तास चहा पीत होतो, भाऊ.”